परड्यात दुसरे घर: आधी पाण्याला विचारा

ईस्टर झाला की आपल्या गावागावांत लग्नांची घाई उडते, आणि लग्न ठरलेल्या घरात एक प्रश्न हटकून निघतो. थोरल्याने संसार कुठे मांडायचा? खोल्या तीन, माणसे आठ. मग कोणीतरी मागच्या दाराकडे बोट करून म्हणते, "एवढे परडे मोकळे पडले आहे, दोन खोल्या उठवू या." कधी हा प्रश्न आखातातून किंवा गोव्यातून नोकरी संपवून परत येणाऱ्या भावाचा असतो. कधी तो जिना चढवत नाही अशा आईवडिलांचा असतो, तर कधी चार पैसे भाडे मिळावे म्हणून निघालेला असतो.

बेळगाव-खानापूरकडे आम्ही परडे म्हणतो, इतर ठिकाणी कोणी परसू म्हणतात, कोणी परसदार. नाव काहीही असो, ती जागा मोकळी दिसते पण मोकळी नसते. तिथे विहीर असते. न्हाणीचे पाणी तिथे केळीच्या बुंध्याला जाते. उकिरडा, गोठा, गवताची गंजी, सरपण, शेवगा, मिरचीची चार रोपे, कोंबड्यांचे खुराडे ही सारी तिथेच असतात. घरचे निम्मे काम परडे करते आणि त्याबद्दल काही मागत नाही. म्हणून तिथे घर बांधण्यापूर्वी ही कामे पुढे कोण आणि कुठे करणार, याचा हिशेब झाला पाहिजे.

गवंडी आला की पहिला प्रश्न विचारतो, "किती बाय किती?" आमच्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. पहिले तीन प्रश्न पाण्याचे आहेत. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? प्यायचे पाणी कुठून घेता? नव्या घराचे मैलापाणी कुठे मुरणार? भिंतींना सरळ जागा मिळाली की त्या उभ्या राहतात. पाण्याचे तसे नाही. ते आपल्याच वाटेने जाते, आणि त्या वाटेत घर आले तर त्रास घराला होतो.

एक पावसाळा थांबा

लग्न ईस्टरनंतर झाले आणि लगेच मे महिन्यात पाया खणला, असे पुष्कळ ठिकाणी होते. मे महिन्यात प्रत्येक परडे चांगलेच दिसते. जमीन कोरडी, टणक आणि सपाट वाटते. तिचा खरा स्वभाव जुलैत कळतो.

आमची सूचना अशी की नियोजित घराच्या चार कोपऱ्यांवर मे महिन्यातच खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांना सुतळी बांधावी. मग पूर्ण पावसाळा त्या चौकोनाकडे पाहावे. मोठी सर थांबल्यावर अर्ध्या तासाने तिथे पाणी साचलेले आहे काय? शेजारच्या उंच परड्यातून ओहोळ येतो काय? जुन्या घराच्या पागोळ्यांचे पाणी कुठल्या बाजूने वाहते? खुंटीवर पाण्याची रेघ दिसली तर तिथे खडूने खूण करावी. नव्या घराचा चौथरा त्या खुणेच्या निदान दीड-दोन फूट वर असला पाहिजे. तेवढी भर घातली तर पाणी जुन्या घराकडे किंवा शेजाऱ्याकडे वळेल काय, हेही तेव्हाच दिसते.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव जिल्ह्यात पूर आला तेव्हा मातीची कित्येक घरे बसली. नदीकाठच्या गावांनी त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आले होते याच्या खुणा विसरू नयेत. परड्याचा मागचा भाग नाल्याकडे उतरत असेल तर गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. नकाशात नाला रेघेएवढा दिसतो. म्हातारी माणसे सांगतात तो त्याहून बराच रुंद निघतो.

जमीन हातात घेऊन पाहा

एकाच नदीच्या काठी दोन प्रकारची जमीन कशी असते ते आपली मलप्रभा दाखवते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला ती उगम पावते. तिथे पाऊस कोसळतो आणि जमीन तांबडी, जांभ्याची आहे. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीकडे जाते तेव्हा पाऊस कमी झालेला असतो आणि शिवार काळेभोर असते. तांबड्या जमिनीवर जसे घर बांधतो तसे काळ्या जमिनीवर बांधून चालत नाही.

काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात. त्या भेगेत एक सरळ काडी किंवा तार सोडून ती किती खोल जाते ते मोजून ठेवावे. पाया त्या भेगांच्या तळापेक्षा वर थांबला तर दरवर्षी जमिनीबरोबर घरही थोडे वर-खाली होते, आणि तीन-चार वर्षांत दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. अशा जमिनीसाठी रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल नावाचा पाया तयार केला. त्यात जमिनीत खोल भोक घेऊन त्याचा तळ कांद्यासारखा फुगवतात आणि त्यावर घर उभे करतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे लागते. छोट्या घराला इतका खर्च परवडत नसेल तर काळ्या जमिनीतले परडे घरासाठी अपुरे आहे असेच समजावे.

तांबड्या जमिनीत पाया लवकर टणक थराला लागतो, ही तिची चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की जांभ्याच्या दगडात भेगा आणि पोकळ्या असतात. त्यांतून पाणी न गाळताच वेगाने पुढे जाते. हा मुद्दा विहिरीशी जोडलेला आहे, म्हणून तो नीट पाहू.

भर घातलेली जमीनही ओळखावी. जुना खड्डा, मोडकी विहीर किंवा उकिरडा बुजवून सपाट केलेल्या जागेवर भिंत आली तर ती तेवढ्याच भागात खचते. वडीलधाऱ्यांना "इथे पूर्वी काय होते?" एवढे विचारले तरी पुष्कळ नुकसान टळते.

विहीर आणि शोषखड्डा

नव्या घराला संडास हवाच. आज कोणी सुनेला उजाडण्यापूर्वी शिवारात पाठवणार नाही आणि पाठवूही नये. संडास आला की सेप्टिक टँक, म्हणजे संडासाची टाकी आली. टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. त्यात जंतू असतातच. ते पाणी शोषखड्ड्यातून मातीत मुरते आणि माती त्याला गाळते. गाळण्याचे हे काम होण्यासाठी मातीला अंतर लागते.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे अंतर दिले आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा. राहत्या घरापासून तो निदान ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट दूर असावा, नाहीतर पाया ओला राहतो. दोन खड्ड्यांचे संडास आकाराने लहान असतात, तरी जांभ्याच्या जमिनीत त्यांनाही विहिरीपासून हेच अंतर द्यावे असे आम्ही सुचवतो.

अंतराइतकीच खोलीही महत्त्वाची. ऑगस्टच्या अखेरीस विहिरीत दोरी सोडून पाणी जमिनीपासून किती फुटांवर आले ते मोजावे. खड्ड्याचा तळ आणि पाण्याची ती पातळी यांत निदान २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट कोरडी माती राहिली पाहिजे. समजा पाणी १२ फुटांवर आले, तर खड्डा साडेपाच फुटांपेक्षा खोल नेता येणार नाही. पाणी सात-आठ फुटांवरच येत असेल तर त्या परड्यात साधा शोषखड्डा चालणार नाही. पश्चिम खानापुरात अशा विहिरी पुष्कळ आहेत.

माती पाणी किती वेगाने पिते हेही घरच्या घरी पाहता येते. खड्डा जिथे घ्यायचा तिथे पहारीने वीतभर रुंदीचा, सुमारे तीन फूट खोल खळगा काढावा. बाजू खरवडून घ्याव्यात आणि तळाशी दोन इंच बारीक खडी टाकावी. खळगा पाण्याने भरून रात्रभर तसाच मुरू द्यावा. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर सहा इंच पाणी घालावे आणि अर्ध्या तासात ते किती उतरते ते पट्टीने मोजावे. मग एक इंच उतरायला किती मिनिटे लागली याचा हिशेब करावा. अर्ध्या तासात दोन इंच उतरले तर एका इंचाला १५ मिनिटे लागली. एका इंचाला ३० मिनिटांपर्यंत लागली तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटे लागली तर खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब चर लागतात, आणि त्यांना जागा जास्त लागते. ६० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ती माती मैलापाणी पिणार नाही, ते वर येईल. उलट पाणी मिनिटभरात गुडुप होत असेल तरी आनंद मानू नये. ते भेगेत गेले आहे, आणि ती भेग विहिरीला मिळत नाही कशावरून?

विहिरीचे पाणी बांधकामाच्या आधी एकदा तपासून घ्यावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना पाणी तपासण्याचे संच मिळाले आहेत. त्यांतल्या जंतू तपासण्याच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस ठेवतात. पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असे धरतात. आज पाणी चांगले असेल तर ते तसेच राखायचे आहे. आजच काळे पडत असेल तर जुन्याच संडासाचे काहीतरी बिघडले आहे. आधी ते दुरुस्त करावे, मग नवे घर काढावे. लहान मुलांचे वारंवार होणारे जुलाब, कावीळ आणि टायफॉइड यांचे मूळ पुष्कळदा अशाच विहिरीत असते.

दोन गुंठ्यांचे गणित

आता हे सारे एका परड्याला लावून पाहू. परडे ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब आहे असे समजा, म्हणजे बरोबर दोन गुंठे. पुढे रस्त्याकडे जुने घर आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात, कुंपणापासून सहा फूट आत विहीर आहे.

घर किती मोठे हवे? २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह घर निदान २५ चौरस मीटरचे धरले आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. भिंती धरून १४ फूट बाय २४ फूट पुरे. परडे २१७८ चौरस फूट आणि घर ३३६ चौरस फूट. गवंडी म्हणेल, घर आरामात बसते आणि वर बाग उरते.

आता विहिरीपासून ६० फूट मोजत पुढे चला. जुन्या घराच्या मागच्या भिंतीला हात लागतो. डाव्या कोपऱ्याकडे तिरके गेले तर पाच-सहा फूट जास्त मिळतात, तेही त्याच भिंतीला चिकटून. परंतु शोषखड्डा घरापासून २० फूट दूर हवा. म्हणजे दोन गुंठ्यांच्या या परड्यात घराला जागा आहे, पण त्याच्या शोषखड्ड्याला कुठेच नाही. शेजाऱ्याची विहीर कुंपणाला लागून असेल तर तिचेही ६० फूट धरावे लागतात. आपला खड्डा आपल्या विहिरीपासून दूर नेण्यासाठी शेजाऱ्याच्या विहिरीजवळ नेणे हा काही उपाय नव्हे.

म्हणूनच आम्ही म्हणतो की किती बाय किती हा प्रश्न शेवटी विचारावा. अनेक परडी घराच्या मापाने पास होतात आणि पाण्याच्या मापाने नापास होतात. आणि पाण्याच्या मापाकडे दुर्लक्ष केले की त्याची किंमत घरातले सर्वांत लहान मूल देते.

वाट

मागच्या घराला वाट हवी. ती जुन्या घराच्या स्वयंपाकघरातून जाणारी असू नये, बाजूने मोकळी असावी. रात्री बाळंतपणासाठी किंवा आजाऱ्याला नेण्यासाठी स्ट्रेचर वळले पाहिजे. चार फूट रुंदी ही अगदी कमीत कमी धरावी.

वाटेचे आणखी एक कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. टाकीत माणूस उतरवून ती साफ करवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि टाकीतल्या वायूने माणसे गुदमरून मरतात हे आपण वाचतो. उपसण्याचे काम गाडीने नळी लावूनच झाले पाहिजे. ती नळी टाकीपर्यंत पोचेल अशी टाकीची जागा हवी.

शेजारी आपल्या परड्यातून विहिरीला किंवा शेताला वर्षानुवर्षे जात असतील तर ती वाट अडवू नये. अशी वाट कायद्याने हक्क ठरू शकते. नव्या घराच्या पागोळ्यांचे पाणीही शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये.

वारा, उजेड आणि गोठा

दोन घरांच्या मध्ये बोळ उरला तर तिथे ऊन येत नाही, ओल सुकत नाही आणि डास वाढतात. क्षयासारखा रोग बंद, कोंदट खोलीत लवकर पसरतो. खोलीला समोरासमोर खिडक्या असाव्यात. दमट हवेच्या प्रदेशात खिडक्यांची उघडी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या हिश्श्याइतकी असावी असे इमारत संहिता सांगते. शंभर चौरस फुटांच्या खोलीला म्हणजे सोळा-सतरा चौरस फूट झाली. नवे घर जुन्याच्या इतके जवळ नको की जुन्या घराच्या खिडक्याच बुजतील. नव्या जोडप्याला उजेड देण्यासाठी आजीच्या खोलीतला उजेड काढून घेणे योग्य नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. गोठा आणि उकिरडा घराच्या त्या बाजूला असतील तर चार महिने माश्या आणि वास घरात येतो. घर हलवता येत नसेल तर उकिरडा हलवावा. गवताची गंजी आणि न्हाणीची चूल यांच्यात भरपूर अंतर ठेवावे. एक ठिणगी पुरते. परड्यावरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्याखाली घर घेऊच नये.

झाडांचेही तसेच. नारळाखाली कौले टिकत नाहीत. चिंच, फणस, वड यांच्या मुळ्या दूर जातात आणि काळ्या जमिनीत त्या पायाखालची ओल शोषून घेतात. झाड जितके उंच होणार त्याच्या निम्मे अंतर तरी सोडावे. फळाला आलेले झाड घरासाठी तोडण्यापूर्वी दहा वर्षांत ते काय देईल याचा हिशेब एकदा करावा. परड्यातली भाजी, अंडी आणि शेवग्याच्या शेंगा यांचे पैसे आपण कधी मोजत नाही. त्या बाजारातून आणाव्या लागल्या की मग मोजतो.

कागद

जमीन आणि पाणी यांची संमती मिळाली तर कागदांकडे वळावे. परडे गावठाणात आहे की शेताच्या सर्व्हे नंबरात, हे आधी पाहावे. कर्नाटकात १९९३ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय नवे घर बांधता येत नाही. पंचायतीचा मिळकत उतारा आता ई-स्वत्तू या संगणकीय पद्धतीने मिळतो. त्यातली लांबी-रुंदी आणि परड्याची खरी लांबी-रुंदी जुळते काय ते टेपने मोजून पाहावे. जागा शेतजमीन असेल तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे बिगरशेती परवानगीचा प्रश्न येतो. शेतकऱ्याला स्वतःच्या राहण्यासाठी शेतघर बांधण्याची मर्यादित सवलत आहे. ती आपल्याला किती लागू होते हे तहसील कचेरीत विचारून घ्यावे. इतर राज्यांतील वाचकांनी आपापल्या राज्याचे नियम पाहावेत.

त्याहून मोठा प्रश्न नावाचा आहे. जागा वडिलांच्या नावावर आणि घर मुलाच्या पैशाचे, अशी घरे आपल्यात घरोघरी आहेत. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्याप्रमाणे वडिलांच्या नावावरच्या जागेत मुलाला जन्माने वाटा मिळत नाही. वडील मृत्युपत्र न करता वारले तर एक-तृतीयांश आईला आणि उरलेले दोन-तृतीयांश सर्व मुलामुलींना सारखे मिळते. दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर परड्याचे नऊ भाग समजा. आईचे तीन आणि प्रत्येक मुलाचे दोन. लग्न होऊन गेलेल्या मुलीचेही दोनच. गोव्यात कायदा वेगळा आहे, तिथे २०१२ चा स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे.

ज्या मुलाने परड्यात घर बांधले त्याच्या घराखालच्या जमिनीत बाकी सगळ्यांचा असा वाटा येतो. म्हणून पाया खणण्यापूर्वीच सर्वांनी एकत्र बसावे, मुलींनाही बोलवावे. वडिलांना तो तुकडा त्या मुलाला द्यायचाच असेल तर बक्षीसपत्र करून त्याची नोंदणी करावी. नाहीतर मृत्युपत्र करावे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पत्नीला साक्षीदार करू नये, कारण मग त्याला दिलेली देणगी रद्द ठरते. बहिणींनी स्वखुशीने वाटा सोडला तर तेही लेखी आणि नोंदवलेले असावे. प्रेम आहे तोवर कागद करून घ्यावा. प्रेम आटल्यावर कोणी सही करत नाही.

माणसे

घर कोणासाठी यावर त्याची जागा ठरते. म्हाताऱ्यांसाठी बांधत असाल तर दोन पायऱ्याही जास्त होतात. संडास आत, उंबरा खाली, वाटेवर दिवा आणि हाक मारली तर जुन्या घरात ऐकू जाईल एवढेच अंतर हवे. आईवडिलांना नवे घर दिले असे म्हणत त्यांना परड्याच्या टोकाला, गोठ्यापलीकडे नेऊन ठेवणे आम्हाला मान्य नाही. तरुण जोडपे मागे जाऊ शकते. म्हाताऱ्यांनी रस्त्याजवळ राहावे, म्हणजे येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो आणि डॉक्टरही लवकर पोचतो.

चुली दोन झाल्या तरी विहीर एकच राहते. पंपाचे वीजबिल कोण भरणार, टाकी उपसण्याचा खर्च कसा वाटायचा, केळीचा घड कोणाचा, या गोष्टी लहान वाटतात. भांडणे मात्र यांवरूनच सुरू होतात. त्या आधी बोलून ठेवाव्यात.

"नाही" असे उत्तर आले तर

परडे योग्य नाही असे ठरले म्हणून मुलाचा संसार अडत नाही. जुन्या घराला लागून एक-दोन खोल्या वाढवाव्यात आणि संडासाची एकच टाकी मोठी करून, पुढच्या अंगणात अंतर मिळत असेल तर, शोषखड्डा तिकडे न्यावा. वरच्या दोन गुंठ्यांच्या परड्यालाही हाच मार्ग उरतो. भिंती मातीच्या नसतील आणि जाणकाराने पाहून सांगितले तर वर मजला घेता येतो. शोषखड्ड्याची अडचण फक्त अंतराची असेल आणि गावच्या नळाचे चांगले पाणी बारमाही येत असेल, तर विहीर पिण्यासाठी सोडून द्यावी काय, असे काहीजण विचारतात. आमचे उत्तर असे की घाई करू नये. नळ बिघडतो, वीज जाते, आणि मे महिन्यात तीच विहीर सगळ्या आळीला पाणी पाजते. एकदा नासलेली विहीर पुन्हा चांगली होण्यास फार काळ लागतो.

सर्व उत्तरे "होय" आली तर मात्र निर्धास्त बांधावे. मेमध्ये खुंट्या, जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची मापे, पावसाळा संपता संपता खळग्याची परीक्षा, दिवाळीपर्यंत कागद, आणि नाताळ झाला की पाया. असे केले तर पुढच्या पावसाळ्याआधी छप्पर पडते.

घरातल्या सर्वांनी मिळून पुढील सात प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहावीत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

१. मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासाने त्या चौकोनात पाणी उरते काय?

२. उन्हाळ्यात भेगा किती खोल जातात? पूर्वी तिथे खड्डा किंवा उकिरडा होता काय?

३. आपल्या व शेजाऱ्याच्या विहिरीपासून ६० फूट आणि दोन्ही घरांपासून २० फूट दूर अशी शोषखड्ड्याची जागा आहे काय?

४. ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी किती फुटांवर येते? एक इंच पाणी मुरायला किती मिनिटे लागतात?

५. स्ट्रेचर आणि टाकी उपसण्याची नळी मागपर्यंत पोचेल काय?

६. जागा कोणाच्या नावावर आहे, आणि आई व सर्व मुलामुलींनी होकार दिला आहे काय?

७. घर झाल्यावर विहीर, गोठा, उकिरडा आणि भाजीचा वाफा कुठे राहणार?

सहा प्रश्नांना चांगले उत्तर असले आणि तिसऱ्याला नसले, तरी परड्यात स्वतंत्र घर बांधू नये. बाकीच्या अडचणी पैशाने किंवा समजुतीने सुटतात. विहिरीला ६० फूट कोणी विकत आणून देऊ शकत नाही.